अर्धी चटई

मी, एनेलेस नाखुम्वा, वय वर्षे एकोणपन्नास, राहणार नाम्पेया गाव, फालोम्बे जिल्हा, शाळा चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते छातीत, आणि ते आता बरे व्हायचे नाही असे डॉक्टरने तोंडावर सांगितले. मला कुणी धाक घातलेला नाही. कायद्याची वाक्ये लास्टन मास्तरांनी सांगितली, बाकीची माझी. मास्तर म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात एवढी भांडणं घालत नाहीत." मी म्हटले, "मग मेल्यावर कुठे घालू?"

एक. राहते घर आणि ओढ्याकाठचे तुरीचे शेत माझी मुलगी लेफा हिला. आमच्यात घर बाईचेच असते. तरी माझा भाऊ जेकापु लेफाचा मामा म्हणून हक्क सांगत येईल. मी तापात पडले होते तेव्हा हा भेटायला आला, आधी छताचे पत्रे बघितले, मग मला. त्याला माझी जुनी कुदळ द्यावी. तिला अजून त्याचा हात लागलेला नाही.

दोन. विटांचा साचा आणि मोठे पातेले आमच्या ख्रिस्ती मंडळीला. पातेल्याला अट आहे, ती नीट वाचावी.

हे पातेले आधी दारूचे. मी दारू गाळायची. माझे पहिले मूल गेले तेव्हा टेकडीपलीकडच्या मंडळीतली नासोलो आजी आली, ना ओळख ना पाळख. तीन दिवस तिने माझे पाणी भरले. देवाचे नाव काढले नाही. शेवटी मीच विचारले, "तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही गं. तुझा रांजण रिकामा दिसला."

पुढच्या रविवारी मी तिच्या मागोमाग उपासनेला गेले. तिथे बायका घरून चटई नेत आणि जमिनीवर बसत. आजीने चटई अंथरली, अर्धीवर बसली, उरलेली अर्धी हाताने झटकली. "बस. ही अर्धी कुणाची नसते. येईल त्याची." मी बसले. माझा बाप्तिस्मा तोच, पाण्याचा नंतर झाला.

मग आमच्या गावात आम्ही सात जण आंब्याखाली बसू लागलो. प्रत्येक बाईने अर्धी चटई मोकळी सोडायची, आणि मयताच्या घरी पाणी भरायला, रांधायला पातेले घेऊन जायचे, एवढेच दोन नियम. उपदेश ऐकून फार थोडे आले. बसायला जागा मिळाली म्हणून आले आणि प्रभूपाशी राहिले, असेच बहुतेक. दोनशे झालो. या साच्याने विटा पाडून देऊळ बांधले, चिखल बायकांनीच तुडवला.

तर अट अशी. ज्या घरात मयत, त्या घरी पातेले जाईल. मेलेल्याचे नाव मंडळीच्या वहीत आहे का, असे विचारणाऱ्याच्या हाती ते देऊ नये.

तीन. चटई. हे कलम मी चार दिवस टाळले.

लव्हाळ्याची ही चटई माझा नवरा वायसन याने विणली, मुद्दाम दोघींना पुरेल अशी रुंद. त्यानेच पुढे ओढ्यापलीकडे डोरिकाला दुसरी बायको केली. आता तो नाही, त्याच्यावर शाई घालवत नाही. एका रविवारी डोरिका देवळात आली, पाठीला तान्ही मायेसो. बाकी चटया भरल्या होत्या, माझीच अर्धी मोकळी होती. ती बसली.

मी म्हटले, "ऊठ."

ती हळूच म्हणाली, "लेफाच्या आई, ही अर्धी कुणाची नसते म्हणे."

मी उठले, तिच्या खालून चटई ओढली आणि गुंडाळली. ती मातीत कलंडली. मूल रडले. मागे कुणीतरी हसले. ती उठून गेली ती गेलीच.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला. "बाई, घराची इज्जत राखलीत." पाळकसाहेब, तो दिवस मला झापायचा होता.

त्यानंतर बायका एकीपुरत्या चटया आणू लागल्या. आता तर बाके आली आहेत. नवीन माणूस दारात उभे राहते, डोकावते आणि परत जाते. वडील मंडळी सभा घेऊन विचारतात, लोक का येत नाहीत? मला विचारा.

पुराच्या वर्षी हगवणीची साथ आली आणि मायेसो गेली. सहा वर्षांची होती. रडणे ओढ्यावरून माझ्या अंगणात ऐकू येत होते. पातेले दारात पालथे होते. मी ते डोक्यावर घेतले, ओढ्यापर्यंत नेले आणि परत आणले. तिचा रांजण कुणी भरला, मला माहीत नाही.

म्हणून चटई डोरिकाला. माझ्या मातीच्या दिवशी तिने लेफाशेजारी, घरच्या बायकांत बसावे. दुसऱ्या बायकोला देवळात जागा नाही असे मंडळीचे वडीलधारे म्हणाले, तर माझी शवपेटी आंब्याखाली ठेवावी. ती आत नाही, तर मीही आत नाही.

चार. हे आज सकाळी वाढवले आहे.

लेफाने निरोप दिला होता. डोरिका येईल असे वाटले नव्हते. आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. लेफाने तिसरे कलम वाचून दाखवले.

"चटई नको मला," ती म्हणाली. "माझी आहे घरी."

"मग काय देऊ?"

"काही नको. त्या दिवशी पातेलं ओढ्यापर्यंत आणलं होतंत. मी पलीकडे पाणी भरत होते. बघितलं मी." मग म्हणाली, "मला वाटलं, ओढ्यात उतरताय."

मी म्हटले, "माफ केलंस?"

"असं नाही म्हटलं मी, लेफाच्या आई. मातीला येईन. माझी चटई घेऊन येईन."

मग मास्तरांनी खाकरून सांगितले की ज्याला मिळकतीतले काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये, आणि हिला तर काहीच नको. त्यांचा कायदा पहिल्यांदा कामाला आला. मी शाईचा डबा पुढे केला. डोरिका उंबरा ओलांडून आत आली.

म्हणून तिसऱ्या कलमातले "चटई डोरिकाला" एवढे शब्द रद्द. बाकीचे कायम. चटई लेफाने दर रविवारी देवळाच्या दाराशी, बाकांच्या अलीकडे अंथरावी, अर्धीवर बसावे आणि उरलेली अर्धी हाताने झटकावी.

नाम्पेया, मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५.

लिहून देणार: एनेलेस नाखुम्वा (सही)

साक्षीदार पहिले: लास्टन मुहिवा, शाळामास्तर (सही)

साक्षीदार दुसरी: नाव काय लिहू विचारले, तर म्हणाली, "मायेसोची आई लिहा. फार दिवसांत कुणी म्हटलं नाही."
मायेसोची आई (डाव्या हाताचा अंगठा)