वरवंट्याचं बारसं

५ जून, सुपा
आलो बाई एकदाचे! बजरंगला इथल्या एमआयडीसीत कायमची नोकरी लागली आणि मला ऐसपैस ओसरीचं घर मिळालं. पाळणाघर काढायचं हे माझं लग्नाआधीपासूनचं खूळ. इथं नवरा-बायको दोघंही कंपनीत जाणारी घरं ढिगानं; लेकरं ठेवणार कुठं? माझ्याकडे! आमची संस्कृती दीड वर्षांची, दिवसभर घर डोक्यावर घेते. घरमालकीण सत्यशीलाकाकू मागच्या खोलीत एकट्याच असतात. मायाळू बाई.

१२ जून
शॉप ॲक्ट झालं, पोलीस पडताळणी झाली, कॅमेरेही बसले. आता नोंदणीसाठी तपासणी तेवढी राहिली. नगरहून नवाकोरा पाळणा आणला. काकू म्हणाल्या, मोकळा पाळना टांगू न्हाई, आधी बारसं कर. एकही मूल दाखल नाही, बारसं कुणाचं? मग त्यांनीच आपला वरवंटा आणला, कुंची घातली, पाळण्याखालून-वरून फिरवून आत निजवला. बारशात बाळाआधी वरवंटा निजवतात, हे मलाही ठाऊक होतं. नाव काय ठेवू, त्यांनी विचारलं. मी हसत म्हटलं, संस्कृतीच ठेवा, घरात तेवढं एकच नाव आहे! काकूंनी वरवंट्याच्या कानाशी कुर्र केलं. पहिलं तान्हं येईस्तोवर तो आतच राहू दे म्हणाल्या. घुगऱ्या झकास झाल्या होत्या.

२३ जून
मुलं येऊ लागली, तान्हं मात्र अजून एकही नाही. संस्कृती मात्र गप्प. बसवावं तिथं बसते. बाकीच्या आयांना केवढं कौतुक, किती शहाणी पोर म्हणे! शहाणी कसली? माझी पोर कधीच शहाणी नव्हती. दुपारी काकू तिला दूधभात भरवतात. त्यात झोपेचं काही घालतात का? डॉक्टरांना दाखवलं. काही नाही म्हणाले, उलट वजन छान वाढलंय.

२७ जून
कॅमेऱ्यातलं सगळं बघितलं. भातात काही घालत नाहीत. पण मी स्वयंपाकघरात गेले की पाळण्याची दोरी ओढत बसतात. अंगाई म्हणतात. आत वरवंटा आहे हो!
संताप आला. तो परत द्यायला उचलला. हलका लागला. आणि कोमट. हातातून तसाच पाळण्यात टाकला.

१ जुलै
आईला फोन केला तर ती ओरडलीच. बाळ दणकट व्हावं म्हणून वरवंटा निजवतात, नाव फक्त बाळाचं ठेवतात, धोंड्याचं कुणी ठेवतं का, म्हणाली. काकूंना हे ठाऊक नसेल? या वयात?
काकूंना मूलबाळ नाही. आज किराणावाल्याकडून कळलं.

३ जुलै
संस्कृती आता कडेवर घेववत नाही. बजरंगलाही नाही. अंग गार. हाक मारली तर बघत नाही. मघाशी पाळण्यातून कुणी ओ — नाही. पंखा असेल.
तपासणीच्या मॅडम उद्या येणार म्हणून फोन आला. गेली नोंदणी खड्ड्यात.

४ जुलै, दुपार
सगळ्यांना येऊ नका म्हणून कळवलं. हिला दवाखान्यात न्यायला बजरंग गाडी आणायला गेलाय. संस्कृती माझ्या मांडीवर. डोळे उघडे, पापणी हलत नाही. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

पाळण्यात रडतंय. आई म्हणतंय. तिच्याच आवाजात —

काकू दोरीपाशी. म्हणतात, उचलू नको पोरी, त्यो धोंडा हाय, तुला फसिवतोय. तुजी लेक मांडीवर हाय, दिवेलागनीपतुर दम धर. खरं सांगतात? मग दोरी का सोडत नाहीत? पदर कशाला पसरलाय?

हात गुंतलेला राहावा म्हणून लिहितेय. नाहीतर केव्हाच उचलून —

पाळण्यातून परत ‘आई’ म्हणाली. मांडीवरची नाही.

काकू उठल्या. पाळण्यात वाकतायत. माझी आहे ती — माझी —

हिला खाली ठेवते. काकूंच्या आधी मला —

थांब. हिनं माझं बोट धर