टेकडीतलं दार

प्रिय ताई,

हे पत्र तुझ्या हाती लागेल तेव्हा तू एकटी असशील, असं मी धरून चाललो आहे. नसशील, जिन्यावर कोणाचा पाय वाजत असेल, तर इथेच थांब. कागदाची घडी घाल, होता तिथे सरकव आणि मॉडेलच्या टेकडीवरचं घर पुन्हा खाचेत बसव. नीट बसलं की टक् असा बारीक आवाज येतो. बाकीचं उद्या सकाळी वाच, भाऊजी फिरायला जातात तेव्हा. अक्षर गिचमिड आलं आहे, घाईत लिहितो आहे. शुद्धलेखन मात्र पुन्हा पुन्हा तपासलं आहे, त्यात तुला काही सापडायचं नाही.

शुक्रवारी तू नव्या घराची स्टाईल ठरवणार आणि पुढच्या आठवड्यात टेकडीवर खोदकाम सुरू होणार. एकदा ते सुरू झालं की घर उभं राहील आणि घर उभं राहिलं की तू तिकडे जाशील. म्हणून आधीच सरळ लिहून टाकतो. त्या घरात तू राहायला जाऊ नकोस. काचेच्या नको, दगडाच्या नको, खांबांच्याही नको. मी वेडा झालो आहे असं वाटलं तरी शेवटपर्यंत वाच.

वर्कशॉपमध्ये बसून लिहितो आहे. सगळे जेवायला गेले आहेत, माझा डबा तसाच आहे. समोर तुझी टेकडी आहे. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो, उताराच्या जागेचं मॉडेल करताना पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवत जायचे असतात. जमीन जिथे जशी वळते तसा प्रत्येक थर कापायचा. मधला भाग पोकळ ठेवतात, नाहीतर मॉडेल दोघांनाही उचलत नाही. टेकडी एकच आणि घरं तीन, तिन्ही एकाच खाचेत बसणारी. एक उचलायचं, दुसरं ठेवायचं. आमचे ड्रायव्हर काका म्हणतात, एका मुलीला तीन स्थळं दाखवून आणताय की रे, बघा, जिला दाखवताय तिला कोणी विचारलंय का. ते गंमतीने म्हणाले. माझ्या हातातलं पातं पुठ्ठ्यात तिरकं गेलं आणि एक थर वाया गेला.

भाऊजींचं पहिल्या दिवसापासून एकच वाक्य आहे, सगळं हिच्या मनासारखं. आमच्या आर्किटेक्ट सरांना केवढं कौतुक. असा क्लायंट मिळायला भाग्य लागतं, बाकीचे नवरे बायकोला टाइल्सचा रंगसुद्धा निवडू देत नाहीत, असं सर मला गाडीत सांगत होते. आणि खरंच भाऊजींनी तुला सगळं निवडू दिलं. काचेचं सपाट छपराचं घर, दरीवर अर्धं तरंगणारं. दगडी भिंतींचं, उतरत्या छपराचं. आणि ते महालासारखं, ज्याचे खांब कोरताना माझी बोटं सुजली. यातलं कुठलंही घे, हुकूम कर, असं ते म्हणाले. पण नकाशांवर तिन्ही घरांना बाहेर पडायची वाट एकच आहे. लिफ्टने खाली गॅरेज, गॅरेजमधून गेट, गेटवर वॉचमन, आणि गेट उघडायचा नंबर त्यांच्या फोनमध्ये. मागे टेकडीला टेकलेली उंच भिंत. भिंतीच्या वर सार्वजनिक रस्ता, पण तिकडे जायला पायरी नाही. निवडायला दिलं ते फक्त तोंड, ताई. पोट तिन्हींचं सारखंच आहे.

तू पहिल्यांदा ऑफिसात आलीस तेव्हा काय विचारलंस आठवतं? सर छपराचं सांगत होते, उन्हाचं सांगत होते आणि तू विचारलंस, बाथरूमची कडी आतून लागते ना? सर म्हणाले, हो मॅडम, लागणारच. पुढच्या वेळी दगडी घर दाखवलं, तू तेच विचारलंस. खांबांच्या घरातही तेच, आणि वर आणखी, मागून वरच्या रस्त्याला जायला एखादं दार नाही का करता येणार? तेव्हा भाऊजी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, हिला घर नकोच आहे हो, हिला कड्या आणि दारं हवी आहेत, एखादं हार्डवेअरचं दुकानच काढून देतो. सगळे हसले. सरांनी वहीत लिहिलं, मागे दार नको, सुरक्षेचा प्रश्न. सगळ्यांच्या आधी तू हसलीस. त्यांचं वाक्य संपायच्याही आधी. तुझं हसणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तू हसलीस की नाकातून आवाज येतो, मग तू तोंडावर हात घेतेस. त्या दिवशी नुसते दात दिसले.

तेव्हापासून मी तुझ्या बोटाकडे बघायला लागलो. तू बोलायचीस छपराबद्दल आणि बोट चालायचं दुसरीकडेच. झोपायच्या खोलीतून निघायचं, जिन्याने उतरायचं, गॅरेजपाशी थांबायचं, परत फिरायचं, मागच्या भिंतीपाशी यायचं आणि तिथेच उभं राहायचं. प्रत्येक घरात तीच वाट. मॉडेलवर कागदाची छोटी माणसं ठेवतात ना, घर केवढं आहे ते कळावं म्हणून, त्यातली साडीतली बाई तू मागच्या आठवड्यात गच्चीवरून उचललीस आणि वरच्या रस्त्यावर नेऊन ठेवलीस. भाऊजींनी तिला चिमटीत धरली, परत गच्चीवर आणली आणि म्हणाले, बाईसाहेब फिरायला निघाल्या होत्या वाटतं. तिला ठेवून हात मागे घेताना त्यांचा हात तुझ्या हाताला लागला, आणि तू असा हात ओढून घेतलास की बाही वर सरकली. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज का, हे मला तोवर सुचलं नव्हतं. तुझ्या मनगटावर चार बोटं उमटलेली होती, ताई. पाचवं आतल्या बाजूला असणार.

त्यानंतर मी किती फोन केले. दर वेळी भाऊजीच उचलतात, बोल रे कलाकारा, म्हणतात आणि फोन स्पीकरवर टाकतात. तू लांबून म्हणतेस, सगळं छान चाललंय, तू जेवलास का? मी म्हणतो, जेवलो. मग भाऊजी एक विनोद सांगतात, मी हसतो आणि फोन ठेवल्यावर माझी मलाच शिसारी येते. अजूनही भाऊजीच लिहितो आहे बघ, आणि तेही मानाने. सवय हाडात गेली आहे. आत्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तिचा बंद पडलेला पंखा स्टुलावर चढून दुरुस्त केला होता. तिघंही आपण भुललो होतो. आत्या तर म्हणाली होती, माणूस हसवतो म्हणजे मनाने स्वच्छ आहे.

आत्याची ती दीड खोली मला अलीकडे सारखी आठवते. तिची हॉस्पिटलात रात्रपाळी असली की तू दाराला कडी लावायचीस, कडीखाली स्टूल लावायचीस, स्टुलावर पातेलं ठेवायचीस, कोणी दार ढकललं तर वाजावं म्हणून. आणि मला म्हणायचीस, झोप चिकट्या, आता राजाचं सैन्य आलं तरी आत येऊ शकत नाही. मी लगेच झोपायचो. शाळा सुटल्यावर तूच मला रोज शुद्धलेखन घातलंस, बुटाच्या खोक्याचं घर करायला शिकवलंस, दारं कापताना एक बाजू न कापता ठेवायची म्हणजे ती उघडतात, मिटतात, हेही तूच दाखवलंस. आज त्यावरच माझं पोट चालतं. ज्या बाईने मला दार करायला शिकवलं, तिच्या घराला दार नाही, आणि ते बिनदाराचं घर मीच तीन प्रकारांनी करून देतो आहे. हे मनात आलं की मला पातं हातात धरवत नाही.

शेवटी आत्याला सांगितलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर म्हणेल, संसारात थोडंफार होतं. ती भांडी घासत होती. नळ बंद केला आणि विचारलं, तिला भिंतीकडची कॉट देऊ की खिडकीकडची? आणखी काही नाही. दुसऱ्या दिवशी तिने खिडकीकडच्या कॉटवरची चादर बदलली. तिच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्याशीही बोलून ठेवलं आहे. तू काही ठरवलंस म्हणून नव्हे. तू ठरवलंस तर लागेल म्हणून.

मला भीती सगळ्याची वाटते, तुला माहीतच आहे. हे पत्र त्यांच्या हाताला लागलं तर? कागद जाड वाटला म्हणून पातळ घेतला, आता शाई पलीकडे उमटते आहे. गोंदाचा वास येऊन कोणाला शंका आली तर? मी काही चुकीचं वाचलं असेन, तू नुसती कुठे पडली असशील, तर मी तुझा सोन्यासारखा संसार मोडायला निघालेला मूर्ख ठरेन. या नोकरीचं जे व्हायचं ते होईल, सरांचं हे सर्वांत मोठं काम आहे आणि ते आपल्या नात्यामुळे मिळालं आहे, ते मला ठाऊक आहे. त्याची भीती कमी आहे. खरी भीती वेगळीच आहे. तू शुक्रवारी नीट हसशील, एक स्टाईल निवडशील आणि आम्ही टाळ्या वाजवू, ही.

मॉडेल दोन दिवस घरी ठेवा, हिला खेळू दे, असं भाऊजीच सरांना म्हणाले, तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं. तिन्ही घरं सरांनी नकाशा हातात घेऊन तपासली, खिडकीन् खिडकी. टेकडी कोणी तपासत नाही. म्हणून टेकडीच्या मागच्या भिंतीत, तुझं बोट जिथे येऊन थांबतं बरोबर तिथे, मी एक दार कापलं. एक बाजू न कापता. भिंतीच्याच रंगाचं आहे, लांबून रेघही दिसत नाही. कोणाला दिसलंच तर मी म्हणेन, पुठ्ठ्याचा जोड आहे, चुकून राहिला. तू घर उचलशील, बोट तिथे नेशील आणि दार आत जाईल, एवढ्याच भरवशावर हे पत्र मी टेकडीच्या पोटात ठेवतो आहे. वाचून झालं की तिथेच टाक. शुक्रवारी टेकडी ऑफिसात परत येईल.

आता कशासाठी लिहिलं ते. शुक्रवारी सकाळी सर, मी आणि ड्रायव्हर काका गाडी घेऊन येऊ. चहा होईल आणि सर विचारतील, मग मॅडम, कोणती स्टाईल? तू दगडी भिंतींचं, उतरत्या छपराचं घर म्हणालीस, तर मी म्हणेन, छपराच्या रंगाचे नमुने गाडीत आहेत, उन्हातच बघावे लागतात, ताई, खाली येतेस का? तू चप्पल घालून माझ्याबरोबर खाली ये. पर्स घेऊ नकोस, वर बघू नकोस. काकांना सगळं सांगितलं आहे. ते एवढंच म्हणाले, गाडीचं तोंड गेटकडे करून ठेवतो. तुमच्या आत्ताच्या घराचा वॉचमन आम्हाला ओळखतो, तो अडवायचा नाही. तिथून थेट आत्याकडे. आणि तू काचेचं किंवा खांबांचं म्हणालीस, तर मी समजेन की आज नाही. मी काही बोलणार नाही, तोंडावर काही दिसू देणार नाही, टेकडी उचलेन आणि निघेन. मग मॉडेलमध्ये काहीतरी बिघाड काढेन, दुरुस्त करून पुन्हा घेऊन येईन. हाकलून देईपर्यंत येत राहीन आणि दर वेळी तुझं दार तिथेच असेल. त्याला तारेची एवढीशी कडी केली आहे, नखाने सरकते; पत्रापुरती मीच सरकवून ठेवली आहे. भिंगातून बघून बसवली. ती तुझ्या बाजूने आहे, ताई. तूच उघडायची.

तुझाच,
चिकट्या