निळ्या पेन्सिलीची खूण

४ जून

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

सोबत खोका पाठवला आहे. या खेपेला टिपर ट्रक आहे, मागचा हौदा वर उचलून खडी ओततो तसला. ठोकळे, गिअर, दांडे आणि पिना मिळून एक हजार चाळीस नग. मोटारी तीन : एक चालवायला, एक वळवायला, एक हौदा उचलायला. चालवायला वेग दोन ठेवले आहेत, जलद गिअरचा आणि सावकाश गिअरचा. सावकाश गिअरमध्ये ट्रक टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचेपर्यंत बाबांचं अर्धं वर्तमानपत्र वाचून होईल. तो मुद्दामच तसा केला आहे, भरलेला हौदा धक्का न खाता जावा म्हणून.

दिवसभर ऑफिसात लिफ्टचे नकाशे काढायचे आणि घरी आल्यावर ट्रक जुळवायचा, असे सात महिने गेले. बनवायची कृती १२४ पायऱ्यांची झाली आहे, तिचं पुस्तक खोक्यात सगळ्यात वर आहे. नोव्हेंबरात आमचं मॉडेलचं प्रदर्शन आहे. खेळण्यांची एक कंपनी तिथून एक गाडी निवडणार आणि तिचे संच काढणार. माझा ट्रक निवडला तर कुठल्या कुठल्या घरांत, मी कधी न पाहिलेली माणसं तो जुळवत बसतील. मला हे फार हवं आहे, आई. तुझ्यापाशी कशाला लपवू?

पण तुझी निळ्या पेन्सिलीची 'पास'ची खूण नसलेली एकही गाडी मी आजवर घराबाहेर काढलेली नाही. नऊ वर्षांची असताना पहिली मोटार लावलेली गाडी तुला दाखवली, तेव्हा तू शिलाई मशीनच्या कारखान्यातली तपासणीची चिठ्ठी काढून तिच्यावर 'परत' असं लिहून दिलं होतंस. मी दोन दिवस जेवले नव्हते. आता त्याच चिठ्ठीची वाट बघते. सप्टेंबर संपेपर्यंत खूण मिळाली तर बरं. बाबांना म्हणावं, पिनांच्या पुडीवर बसू नका.

लोभ आहे तेवढाच असू दे, तपासणी मात्र जरा जास्त कर.

तुझी
खार

२३ जून

चि. खारूस,

अ. उ. आ.

खोका पोचला. नग मोजले तर एक कमी भरला. तो तुझ्या बाबांच्या चपलेत निघाला. कसा गेला हे त्यांनाही सांगता आलं नाही. गाडीचा सांगाडा बघून म्हणाले, पोरगी माझ्यावर गेली आहे. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, एकही फुटली नाही असा दिवस आठवत नाही, पण ऐट बघ.

एरवी मी चार दिवसांत गाडी उभी करते. या वेळी पंधरवडा उलटला तरी अर्ध्यावरच आहे. मधे मधे कामं निघाली. आता आपल्या रीतीप्रमाणे दोष लिहिते. कारखान्यात आम्ही दोष लिहायचो, कारण लिहीत नसू. कारण शोधणं हे बनवणाऱ्याचं काम.

पायरी ३१ : छोटी काळी पिन भोकात बसत नाही. पायरी ५२ : लांब दांडा तीन गिअरमधून जात नाही, मधल्याला अडतो. पायरी ६४ : छोटा गिअर सांगाड्यात पडतो आणि काढायला सगळं उघडावं लागतं.

खूण नाही. परत.

अक्षर आज वेडंवाकडं आलं आहे. टेबल डुगडुगतं. बाकी इकडे सगळं ठीक. चहा हल्ली मी अर्धाच कप घेते, तब्येतीला बरा पडतो. तू जेवणाची हयगय करू नकोस. रागावलीस तरी जेव.

तुझी
आई

२ जुलै

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. जेवले.

खरं सांगू? पायरी ३१ मी सात वेळा करून पाहिली. दर वेळी पिन सुतासारखी सरळ बसली. पण तुझा हात चुकणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणजे माझं पुस्तकच चुकलं. ज्या हाताने तू लहानपणी माझ्या डोळ्यातलं कुसळ रुमालाच्या टोकाने काढायचीस, त्या हाताला पिन बसत नाही म्हणजे पिनच वाईट.

म्हणून काळी पिन काढून टाकली. तिच्या जागी लांब, मागे टोपी असलेली पिन घातली आहे, अंगठ्याच्या पोटाने दाबली तरी बसते. दांडा एकदम तीन गिअरमधून घालायचा नाही, गिअर एकेक करून दांड्यावर ओवायचे. ६४ मधे गिअर पडू नये म्हणून खालून एक ठोकळा लावला आहे. बदललेले नग आणि नवं पुस्तक आजच टाकलं.

टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घाला. घरात एक प्रयोगशाळेतला माणूस असून टेबल डुगडुगतं, याला काय म्हणावं?

तुझ्या चिठ्ठीची वाट बघणारी,
खार

३० जुलै

चि. खारूस,

अ. उ. आ.

नवं पुस्तक चांगलं आहे. ३१ पास. ५२ पास, माळ ओवल्यासारखे गिअर ओवले. ६४ मधे मात्र गिअर अजून पडतो. तीन वेळा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी तशीच उठले आणि दोन दिवस खोक्याचं झाकण उघडलं नाही. शेवटी कसाबसा बसवला, पण ट्रक चालताना खर्र वाजतो. खूण देता येत नाही.

पलीकडची शिंपीणबाई तिचं मशीन घेऊन आली होती. दर वर्षी मीच लावून देते. या वेळी दुसरीकडे ने म्हटलं. ती जरा खट्टू झाली.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. आराखडा चांगला आहे, हे मी सांगते.

तुझी
आई

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. टेबल डुगडुगत नाही. मी त्यावर काठोकाठ भरलेला पेला दिवसभर ठेवून पाहिला. — बाबा

१२ ऑगस्ट

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

तुमच्या दोघांच्या टेबलाच्या भांडणात मी पडणार नाही. बाबांचं ता. क. वाचून खूप दिवसांनी हसले.

पण ट्रकचं काही खरं नाही. ६४ ची पायरी मी रोज करते आहे. माझ्या हातून गिअर एकदाही पडत नाही, म्हणजे मला माझा दोष दिसतच नाही. असा माणूस दुसऱ्यांसाठी कृतीचं पुस्तक काय लिहिणार? एकतीस वर्षं मशीनं तपासलेल्या माणसाला दीड महिन्यात जी गाडी जुळत नाही, ती लोकांना त्यांच्या घरी कशी जुळेल? तू आराखडा चांगला आहे म्हणतेस ते आई म्हणून. खूण देत नाहीस ती तपासनीस म्हणून, आणि मी तपासनिसाचं ऐकणार.

प्रदर्शनातून नाव काढून घ्यायचं पत्र लिहून ठेवलं आहे. सोमवारी टाकीन. नग परत पाठवायची घाई नाही. हे पुन्हा करीन की नाही, आत्ता सांगता येत नाही.

तुझी
खार

१५ ऑगस्ट

चि. खारूस,

अ. उ. आ.

सकाळी फोनवर फक्त 'ते पत्र टाकू नकोस' एवढंच बोलले. बाकीचं तोंडाने बोलवेना म्हणून लिहिते. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

ट्रकमधे दोष नाही. माझ्या हातात आहे. गेल्या हिवाळ्यापासून उजवा हात कापतो. नुसता मांडीवर असला की शांत असतो. काही धरायला गेलं, बसवायला गेलं की थरथरतो, आणि जितकं नाजूक काम तितका जास्त. डॉक्टरांनी तपासलं. जिवाला काही नाही म्हणाले. औषधाने थोडा कमी होईल, जाणार मात्र नाही. अर्धा कप चहा त्यासाठीच, भरलेला सांडतो. शिंपीणबाईला परत पाठवलं ते त्यासाठीच. टेबलाला मी उगाच बदनाम केलं.

तुला का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर तू गाड्या पाठवणं बंद केलं असतंस. आईला त्रास नको म्हणाली असतीस, आणि प्रेमानेच म्हणाली असतीस. तुझ्या खोक्याची मी किती वाट बघते हे तुला माहीत नाही. कारखाना सुटल्यावर माझी पारख फक्त तुझ्याच कामाला लागते. ते गेलं असतं तर मी नुसती घरात बसलेली बाई झाले असते.

म्हणून मी रीतीच्या आड लपले. दोष लिहिला, कारण लिहिलं नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातले दोष दाखवले आणि माझा स्वतःचा दडवला. तोही पोटच्या पोरीपासून, आणि तिचं सात महिन्यांचं काम पणाला लावून. याची मला फार लाज वाटते.

तू आता दुसरा तपासनीस बघ. ट्रक प्रदर्शनात ने. तो चांगला आहे, हे आईही म्हणते आणि तपासनीसही.

तुझी
आई

२१ ऑगस्ट

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. अर्धा तास जिन्यात जाऊन रडले. लिफ्टचे नकाशे काढणारी बाई जिन्यात बसून रडते म्हणून शिपायाने पाणी आणून दिलं. मग तुझ्यावर रागावले. मग स्वतःवर जास्त रागावले, कारण बाबांनी पेला भरून स्वच्छ सांगितलं होतं आणि मी हसून सोडून दिलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. कळलं असतं तर मी गाड्या पाठवणं बंद केलं असतं, आणि स्वतःला फार शहाणी समजले असते. म्हणून माफी दोघींनी अर्धी अर्धी मागू आणि विषय मिटवू.

दुसरा तपासनीस मी बघणार नाही. का ते सांगते. खालच्या मजल्यावर एक टायपिस्ट बाई राहतात. बोटं आखडली आहेत. त्यांना मी दोन्ही पुस्तकं दिली. पहिल्या पुस्तकात ३१ लाच हात टेकले. दुसऱ्या पुस्तकाने ६३ पर्यंत एकट्या पोचल्या आणि मला वर येऊन सांगून गेल्या. ६४ ला त्यांच्याही हातून गिअर पडला. म्हणजे तुझी चिठ्ठी बरोबर होती, आई. तुझा हात कापतो हे खरं, पण बोटं आखडलेली, कापणारी, जाड, सगळ्या तऱ्हेची माणसं हा ट्रक जुळवणार आहेत. माझ्या एकटीच्या हाताला जुळतो, त्याचं कोणाला काय?

६४ नव्याने केली आहे. गिअर आत ठेवायचाच नाही. बाहेर, टेबलावर, दांड्याला लावायचा आणि मग अख्खा दांडा वरून सरकवायचा. नवे नग, चालकाच्या खोलीचे नवे दरवाजे आणि पुन्हा लिहिलेलं पुस्तक सोबत आहे. पहिल्या पायरीपासून पुन्हा जुळव. बाबांनी हात लावायचा नाही, फोनवरून मीही सांगणार नाही. तुझ्या हाताने झाला तर खूण दे. नाही झाला तर 'परत' लिही, पण कीव करून पास करू नकोस. तेवढं मी मागते.

नाव काढून घ्यायचं पत्र फाडलं.

रागावलेली, आणि तुझीच,
खार

२६ सप्टेंबर

चि. खारूस,

अ. उ. आ.

तेवीस दिवस लागले. सकाळी औषध घेतल्यावर दोन तास हात बरा असतो, तेवढ्यातच काम केलं. तुझे बाबा हात मागे बांधून टेबलाभोवती घिरट्या घालत होते. मदत करता येत नाही म्हणून त्यांचं वजन कमी झालं असावं.

६४ पहिल्या दमात बसली. मी पुन्हा उघडून पुन्हा बसवली, नशिबाने बसली असेल म्हणून. पुन्हा बसली. खर्र आवाज गेला. हौदा वर जातो, खाली येतो, कुठे अडत नाही.

आता दोष. पायरी १०९ : चालकाच्या खोलीला दोन्ही दरवाजे डावेच पाठवलेस. पुस्तकातही दोन्ही डावेच काढले आहेत. इथे हात कितीही स्थिर असता तरी उजवीकडे डावा दरवाजा लागला नसता. रडत रडत काम केलंस की असं होतं. तेवढं सुधार. उजवा दरवाजा मी तुझ्या मागच्या खेपेच्या लाल फायर इंजिनाचा काढून लावला आहे.

बाकी सगळं पास. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर निळी खूण केली आहे. ती सरळ आली नाही. पुसून पुन्हा काढणार होते, मग नाही पुसली. ज्या हाताने जुळवला त्याच हाताची आहे.

पुढचा खोका कधी पाठवतेस?

तुझी
आई

ता. क. पाकीट पुन्हा माझ्याकडे. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत होतो. समोर काहीतरी घरघरलं. बघतो तर तुझा ट्रक सावकाश गिअरमधे येत होता आणि हौद्यात माझा चहा होता. पूर्ण कप. गेल्या हिवाळ्यानंतर तुझ्या आईने मला दिलेला पहिला भरलेला कप. एक थेंब सांडला नाही. अर्धा पेपर वाचून झाला हेही खरं, पण चहा गरम होता. — बाबा