आईचा घसा बसलाय

१२ ऑगस्ट

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. कशी आहेस? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय म्हणजे पडूनच राहायचं. उशीला टेकून 'जरासं' बसणं त्यात येत नाही. जावईबापूंच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस. सध्या मीही स्वयंपाक करतोय, त्यामुळे त्यांची बाजू घेणं भाग आहे.

बाबांनी चक्क पत्र लिहिलं म्हणून डोळे मोठे केले असतील. त्याचं असं आहे, की आईचा घसा पार बसलाय. डॉक्टरांनी अजिबात बोलायचं नाही म्हणून बजावलंय. तुझा फोन आला तर ती गप्प बसेल का? म्हणून थोडे दिवस पत्रावरच भागवू. काळजीचं काही नाही.

मुद्द्याचं म्हणजे मासे. मोठ्या टाकीतल्या एंजलच्या जोडीने दगडी पाटीच्या तुकड्यावर अंडी घातलीत. नर-मादी आळीपाळीने पंखांनी वारा घालत उभे असतात. कालपर्यंत सगळी अंडी मधाच्या थेंबासारखी दिसत होती, आज त्यातली बरीच पांढरी पडलीत. ही पांढरी काढून टाकायची, की आपली आपण गळतात? ते निळं औषध किती थेंब घालायचं? तू कॉलेजात असताना आईबरोबर तासन्‌तास या टाक्यांपाशी बसायचीस, तुला आठवत असेल.

'आईलाच विचारा की' असं म्हणशील. ती झोपलीये. आणि उठल्यावर खाणाखुणांनी विचारलं तर मला काही कळत नाही. तुला ठाऊकच आहे, माझा आणि माशांचा संबंध एवढाच, की मी दिवसभर जलकेंद्रात गावाच्या पाण्यात क्लोरीन मिसळायचं आणि तुझ्या आईने तेच पाणी बादल्यांत भरून ठेवून ते क्लोरीन उडवून लावायचं. 'तुमचं दिवसभराचं काम माझ्या बादलीत फुकट जातं,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सांगते.

तिची खाट पुढच्या खोलीत टाकीजवळ हलवलीये. तिथे उजेड बरा आहे. ती दिवसभर त्या पाटीकडे बघत असते. म्हणून ही अंडी जगली पाहिजेत, ठकू. मागे कितीतरी वेळा अंडी गेली, तिने कधी हळहळ केली नाही. 'मासे आहेत, पुन्हा घालतील' म्हणायची. पण या खेपेला अंडी वाया जाऊन चालणार नाही. लगेच लिही. मी रजेवर आहे, पोस्टमन आला की दारातच उभा असतो.

तुझे,
आई-बाबा


२१ ऑगस्ट

प्रिय ठकू,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पडल्या पडल्या लिहिलेलं अक्षर लगेच ओळखू आलं. एवढं लांब लिहायला नको होतंस.

पण पत्र पोचायच्या आत घात झाला होता. संध्याकाळी मी न विचार करता टाकीवरचा दिवा फटकन लावला. मासे बिथरले, इकडून तिकडे आपटले, आणि मी बघत असताना नराने पाटीवरून एकेक अंडं टिपायला सुरुवात केली. मी काचेवर हात आपटला. त्याने आणखी भरभर खाल्लं. मादीही त्याला सामील झाली. पाटी स्वच्छ! तुझ्या आईने सगळं पाहिलं. नंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली ती दुसऱ्या दिवसापर्यंत. जेवली नाही. मी दहादा माफी मागितली असेल. तुझ्या मावशीने येऊन भरवायचा प्रयत्न केला, तरी तोंड उघडेना.

म्हणजे, घसा दुखत असेल म्हणून असेल.

तर सांगायचं हे, की त्या जोडीने पुन्हा अंडी घातलीत. या खेपेला मी तू लिहिल्याप्रमाणे पाटी अलगद उचलून छोट्या टाकीत ठेवलीये. उचलताना अंडी क्षणभरही पाण्याबाहेर राहू दिली नाहीत, भांड्यासकट बुडवून नेली. निळं औषध घातलंय. पंपाची नळी पाटीच्या खालच्या अंगाला ठेवलीये, म्हणजे बुडबुडे अंड्यांजवळून वर जातील पण अंड्यांना धक्का लागणार नाही. बरोबर ना? आईबापांनी पंखांनी घालायचा वारा आता पंप घालतोय. तो बंद पडला तर, या विचाराने मी दर थोड्या वेळाने जाऊन नळीला कान लावतो. तुला हसू येईल. इथे दुसरं काय करणार?

तू विचारलंयस, घसा एवढे दिवस कसा बसेल? बसतो कधीकधी. डॉक्टर चांगले आहेत. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. घशाचे व्यायाम असतात म्हणे.

आणि तू लिहिलंयस, आईच्या हातची निदान एक ओळ पाठवा. ठकू, ती थकलेली असते. पुढच्या वेळी बघू. तुझं रक्तदाबाचं औषध वेळेवर घेतेस ना? अजिबात विचार करत बसू नकोस. सगळं ठीक आहे.

आई हाक मारतेय. थांबतो.

बाबा


२ सप्टेंबर

प्रिय ठकू,

हे पत्र जावईबापू शेजारी बसलेले असतील तेव्हाच वाच. ते घरी नसतील तर घडी घालून ठेव आणि त्यांची वाट बघ. त्यांना सगळं माहीत आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच त्यांना शपथ घातली होती. तुझ्या डॉक्टरांचंही म्हणणं पडलं, की तुला धक्का बसेल असं काही इतक्यात कानावर घालू नये.

आधी हे वाच: आई घरी आहे, तिच्या जिवाला धोका नाही, आणि मी हे लिहितोय तेव्हा ती माझ्यासमोर खुर्चीत बसलीये.

आता बाकीचं. जुलैच्या शेवटी एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर पुढच्या खोलीत पाणीच पाणी. ती टाकीचं पाणी बदलत होती. नळी तशीच वाहत होती आणि ती भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी म्हटलं, 'अगं, काय झालं?' तिने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. त्यातला एकही शब्द शब्द नव्हता. मेंदूतली शीर बंद पडली होती. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. उजवा पाय आता बरा आहे, धरून चालते. उजवा हात अजून साथ देत नाही. आणि बोलणं गेलं.

घसा नाही, ठकू, बोलणं. तिला सगळं कळतं, सगळं आठवतं, पण शब्द सापडत नाही. सापडला तर भलताच. आणि मागच्या पत्राच्या शेवटी 'आई हाक मारतेय' असं लिहिलं ना, तेही खरं नव्हतं. तिने मला हाक मारून महिना उलटून गेला.

तू म्हणशील, मग आज काय झालं? सांगतो.

मागच्या आठवड्यात दुपारी मी स्वयंपाकघरात होतो. पुढच्या खोलीतून एकदम आवाज आला. 'चप्पल! चप्पल!' ती तारस्वरात ओरडत होती आणि डाव्या हाताने खाटेची कड बडवत होती. मी धावलो. चप्पल आणली. तिने ती फेकून दिली. मी तिची दुसरी आणली, माझी आणली. 'चप्पल!' तोंड लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी. मावशी नेमकी आलेली. ती म्हणाली, 'भावोजी, तिला कुठेतरी जायचंय का?' आम्ही तिला उठवायला गेलो तर तिने मला जोरात चिमटा काढला आणि छोट्या टाकीकडे हात केला.

तेव्हा कुठे मला ऐकू आलं, की काहीच ऐकू येत नाहीये. वीज गेली होती. पंप बंद. पाटीभोवतीचं पाणी थिजल्यासारखं उभं. अंड्यांतून पिल्लं निघू लागली होती, शेपट्या वळवळत होत्या, आणि त्यांना हवा मिळत नव्हती. 'पंप म्हणायचंय का?' मी विचारलं. ती रडता रडता हसली. मग मी आणि मावशी आळीपाळीने वाटीने पाणी वर उचलून हळूच परत सोडत बसलो, वीज येईपर्यंत. ती खाटेवरून हाताने दाखवत होती: सावकाश, आणखी सावकाश. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने काही सांगितलं आणि मला कळलं.

संध्याकाळी ती खुशीत होती, म्हणून मी तुला पत्र लिहायला बसलो. वीज, पंप, पिल्लं, सगळं लिहिलं. फक्त पंपाचं माझ्या आपणहून लक्षात आलं असं लिहिलं. आणि शेवटी, 'आईचा घसा सुधारतोय, तिचे आशीर्वाद.' कौतुकाने तिला वाचून दाखवायला गेलो. आधीची पत्रं दाखवली नव्हती. तिला वाटत होतं, तुला सगळं कळवलंय. तू अंथरुणावर आहेस म्हणून येत नाहीस.

'घसा' हा शब्द ऐकला आणि तिचा चेहरा बदलला. माझ्या हातातून कागद ओढून घेतला, चुरगळला आणि बाजूच्या बादलीत टाकला. मी म्हटलं, 'अगं, पोरीच्या पोटात बाळ आहे, ऐकून तिला काही झालं तर?' तिने मान हलवली. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. व्यायामाच्या बाई म्हणतात तिला घाई करू नका, शब्द तिच्या तोंडात कोंबू नका. मी कोंबला नाही. उभा राहिलो.

'खो,' ती म्हणाली. मग खूप वेळ काही नाही. मग, 'खोटं.'

महिन्याभरात तिला सापडलेला हा पहिला बरोबर शब्द, आणि तो माझ्यासाठी होता. मावशी तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

त्यावर मी आणखी आठवडा घालवला. लिहायचो, फाडायचो. जावईबापूंशी बोललो, त्यांनी तुझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता धोक्याचे दिवस बरेच मागे पडलेत, शांतपणे सांगा. शांतपणे म्हणजे कसं ते त्यांनी सांगितलं नाही.

पिल्लं पोहायला लागलीत. पुष्कळ गेली, रोज सकाळी तळाशी काही मेलेली सापडतात, ती मी आई उठायच्या आत काढून टाकायचो. आता तेही बंद केलंय, तिच्यासमोर काढतो. उरलीत ती मूठभर असतील, पण पोटं भरलेली दिसतात. मी खायला घालताना आई मला हातानेच थांबवते, नाहीतर मी पाणी घाण करून ठेवेन.

मला भीती वाटते, ठकू. हे कुणालाच बोललो नाही. पहाटे जाग आली की तिचा श्वास ऐकू येईपर्यंत मी हालचाल करत नाही. पुन्हा तसं होऊ शकतं, डॉक्टरांनी सांगितलंय. नाहीही होणार. तुझ्यापासून लपवलं ते तुझ्या जिवासाठी, हे खरं आहे. पण कागदावर 'सगळं ठीक आहे' असं लिहिलं की घटकाभर मलाही तसं वाटायचं, हेही खरं आहे.

धावत येऊ नकोस. बाळ झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, की ये. तोवर फोन कर. मी तिच्या कानाशी धरीन. तू बोल, आणि तिची वाट बघ. ती तुला भलत्याच नावाने हाक मारेल, तर ओ दे.

माझ्यावर रागावली असशील, तर खुशाल रागाव. हवं ते बोल, हवं ते लिही. फक्त गप्प बसू नकोस. या घरात गप्प असलेलं एक माणूस सध्या मला पुरे आहे.

तुझा,
बाबा