गेनोवाइतेच्या विरजणाबाबत

मेदगिनाय गावच्या बिअर करणाऱ्या मंडळींनो, तुमची-माझी एक जुनी तक्रार आहे: विरजण दगा देतं. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, दळायचे, त्याचा गोड काढा उतरवायचा, आठवडाभर राबायचं, आणि ऐनवेळी बरणीतलं खमीर फेस धरत नाही. पाहुणे दारात आणि पिंपात नुसतं गोड पाणी. मग आपण कोणाच्या तरी नावाने बोटं मोडतो. गेली नऊ वर्षं या गावात ते नाव माझ्या बायकोचं, गेनोवाइतेचं आहे.

म्हणून मी, झेनोनस बालचूनस, वय एकोणऐंशी, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार मेदगिनाय, जिल्हा बिरझाय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसं गेली, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाखाली लिहायला सांगणारे लोक मी आयुष्यात पुरेसे पाहिले, आणि तेव्हाही लिहिलं नाही. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. माझ्या दफनानंतरच्या जेवणात, पिंपाचं बूच काढण्याआधी, पाद्रीबाबांनी हे मोठ्याने वाचावं. खोकत वाचू नये.

१. राहतं घर, मागची बाग आणि विहीर माझी मुलगी योलिता हिला. ती डब्लिनला असते. तिने घर विकलं तरी माझी हरकत नाही. ती परत येणार नाही हे मलाही ठाऊक आहे आणि तिलाही, तेव्हा शेजारणींनी उगाच पडदे धुवून ठेवू नयेत.

२. पुस्तकं शाळेला. अट एकच, कपाटाला कुलूप नको. बंदीच्या काळात बटाट्यांच्या ढिगाखाली लपवून वाचलेली पुस्तकं पुन्हा काचेआड कोंडायची असतील तर त्यापेक्षा शेकोटीत घाला.

३. बँकेत जे काही असेल त्यातून दफन आणि दगड. दगडावर गेनोवाइतेचं नाव वर, माझं खाली.

४. ओकचं मोठं पिंप, गाळण्याचं लाकडी घंगाळ, ढवळायचा दांडा आणि विहिरीच्या गारव्यात दोरीला टांगलेली खमिराची बरणी, हे सगळं औद्राला. औद्रा म्हणजे माझा मेहुणा ल्युद्विकस याची मुलगी. नोटरीबाईंनी विचारलं, "मास्तर, या बरणीची किंमत काय लिहू?" मी म्हटलं, "बाई, किंमत नको, तापमान लिहा." त्या हसल्या. मी हसलो नव्हतो.

औद्राच का, ते सांगतो. गेल्या शरदात ती त्यांच्या घरची खमिराची बरणी शालीत गुंडाळून कुंपणावरून आली.

"आतोबा, मेलं हो हे! दोन दिवस चुलीजवळ ठेवलंय, आता एक बुडबुडा नाही."

"तिरकी कर बघू. तळाला काय दिसतं?"

"गाळ."

"वेडे, तेच खमीर. तू शेतावर होतीस तेव्हा ते जेवलं, आता झोपलंय."

"पण बाबा म्हणतात, फेस नाही तर जीव नाही!"

"तुझे बाबा पुष्कळ म्हणतात."

फेस भाषणासारखा असतो, काम तळाशी चालतं. जन्मभर चौकात भाषणं करणारा माणूस हे सांगतोय, तेव्हा खरं माना. औद्राने वरचं पाणी ओतून दिलं, गाळावर पातळ कोमट काढा घातला, आणि दुपारपर्यंत बरणीवरचं फडकं वर उचललं गेलं. तिने विचारलं आणि ऐकलं. या गावात एवढंही दुर्मीळ आहे.

तिने पुढचं ध्यानात ठेवावं. बरणी उकळत्या पाण्याने धुवावी. काढा मनगटावर टाकून पाहावा, तान्ह्याच्या दुधाइतका कोमट. त्याहून गरम असेल तर खमीर मरतं, गार असेल तर रुसतं. झाकण घट्ट लावू नये, फडकं बांधावं, येता-जाता बरणी हलवावी, त्यालाही हवा लागते. पावाचा, सफरचंदाचा वास आला तर ठीक. शिरक्याचा वास आला किंवा वर केसाळ बुरशी दिसली तर दया न करता फेकावं. जुनं खमीर एका जेवणाने उठत नाही, दोनदा भरवावं. आणि घाई करू नये.

माझ्या मयताची, म्हणजे दफनानंतरच्या जेवणाची बिअर औद्राने विहिरीतल्या बरणीतून करावी. बिअरला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांनी आशा सोडून मान हलवली की त्याच दिवशी बरणी वर काढावी. माझ्या मरणाची वाट पाहत बसू नये.

५. आता ल्युद्विकस. गेनोवाइतेचा सख्खा धाकटा भाऊ, गावातला नावाजलेला बिअरवाला. आईने विरजण लेकीला दिलं, लेकाला दिलं नाही, हे त्याला कधी पचलं नाही.

२००३ च्या फेब्रुवारीत गेनोवाइते गेली. शवपेटी बैठकीत होती. मयताची बिअर करायला ल्युद्विकस आला. त्याने तिची बरणी दगडी खिडकीत, बर्फाच्या वाऱ्यात ठेवली. चार तासांत फेस दिसला नाही तेव्हा म्हणाला, "दाजी, हे गेलं," आणि सगळं डुकरांच्या बादलीत, उकडलेल्या बटाट्यांवर ओतलं. मग दुकानातून पावाच्या खमिराची पुडी आणून वाफाळत्या काढ्यात टाकली. मी बघत होतो. माझं डोकं त्या पेटीपाशी होतं.

सकाळी गोठ्यात गेलो. बटाट्यांच्या उबेत बादली फसफसून वाहत होती. जमीन पांढरी, डुकराचं तोंड पांढरं. ल्युद्विकस माझ्या मागेच उभा होता. त्याने बादली लाथेने आडवी केली आणि हळूच म्हणाला, "दाजी, तुम्ही काही पाहिलं नाही."

दफनानंतर पिंपातून गोड, गढूळ पाणी निघालं. लोकांनी तोंडं वाकडी केली. तेव्हा हा उठून म्हणाला, "काय करणार मंडळी, ताईबरोबर तिचं विरजणही गेलं. जिवंतपणी तरी कुठे हात सैल होता तिचा!" लोक हसले. तुम्ही हसलात. त्या वर्षापासून ट्रॅक्टर सुरू झाला नाही की तुम्ही म्हणता, "गेनोवाइतेचं विरजण झालंय." परवा एक पोर सायकलची चेन लावताना तेच म्हणालं. तिला त्याने पाहिलेलंही नाही.

ती कंजूष नव्हती. तुमच्यातल्या निम्म्या घरांची बिअर तिने दिलेल्या वाटीभर खमिरावर उभी राहिली. तिने तागाच्या फडक्यावर वाळवून ठेवलेलं थोडं खमीर मला पुढे तिच्या कपड्यांच्या कपाटात सापडलं. मी ते जागवलं, आणि नऊ वर्षं त्याची बिअर दार लावून एकटा प्यायलो. परक्या सत्तेच्या रणगाड्यांसमोर चौकात उभं राहून बोललेला माणूस एका बादलीसमोर गप्प बसला. घरात प्रेत होतं, ही सबब पहिल्या दिवसापुरती. नंतरच्या नऊ वर्षांना माझ्याकडे सबब नाही. ते पाप मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेतो.

ल्युद्विकस, तू या टेबलाशी बसला असशील. पिंपातली बिअर तुझ्या लेकीने केली आहे, तुझ्या आईच्या खमिरातून. उभा राहा आणि सांग: "विरजण जिवंत होतं. मी ते ओतलं आणि ताईच्या माथी मारलं." मेदगिनायच्या लोकांनो, तो हे बोलेपर्यंत एकानेही पेला पुढे करू नका.

मेदगिनाय, ९ ऑक्टोबर २०१२
वाचून, समजून, माझ्या हाताने सही: झेनोनस बालचूनस

त्यांनी आमच्यासमोर सही केली:
१. विताउते यानुशाइते, डॉक्टर
२. काझिस मोर्कूनस, शेजारी. (मीही तेव्हा हसलो होतो. हे मास्तरांच्या परवानगीने लिहिलं आहे.)