फुली वर, गोल खाली

३ मार्च, सोमवार

अबोल्याचा पाचवा दिवस. अंड्यांचा पहिला.

बारा अंडी आज उबवणीच्या यंत्रात ठेवली. यंत्र शाळेचं, टेबल आमच्या मधल्या खोलीतलं – कारण शाळेचा शिपाई संध्याकाळी मेन स्विच पाडून घरी जातो. त्याला कोण सांगणार, आत कुणी संसार मांडलाय म्हणून! आठवीच्या वर्गाला कबूल करून बसलेय: पिल्लू कसं घडतं ते शिकवीन आणि शेवटी जिवंत पिल्लू दाखवीन. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघा हं बाई, नाही निघालं तर हसं होईल." निघेल! वीस वर्षं हेच शिकवतेय.

साहेबांनी बदली घेतली. साहेब म्हणजे माझा नवरा. वीज कार्यालयात साहेब आहेत, घरात नुसतंच म्हणायचं. मला न विचारता हो म्हणून आले. एक एप्रिलला हजर व्हायचंय – तारीखही काय शोधून काढली! मी म्हटलं, मी शाळा सोडून येणार नाही. "मग राहा." "राहते." तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. किल्ली सासूबाईंकडे.

४ मार्च

"आई, तिला सांग, भाजीत मीठ नाही."

"आई, त्यांना सांगा, बरणी समोरच आहे."

सासूबाई दोघांच्या मधे बसून जेवतात. आज म्हणाल्या, "मला दोन घास गिळू द्याल का?"

अंडी रोज तीनदा फिरवायची. सकाळी, शाळेतून आल्यावर, झोपताना. नाही फिरवली तर आतला जीव एका बाजूने कवचाला चिकटतो आणि जातो. कळावं म्हणून एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. बाराव्या अंड्याच्या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं. कंटाळा आला, तसंच कोरं ठेवलं.

६ मार्च

आत आता हृदय धडधडत असणार. चोच नाही, पंख नाहीत, पाय म्हणावेत असे पाय नाहीत – पण हृदय सुरू! भांडायला चोच लागते, ती बरीच मागाहून येते. क्रम चांगला लावलाय. आमच्याकडे चोचीच तेवढ्या राहिल्यात.

७ मार्च

सकाळी बघते तर फुली वर. रात्री मी गोल वर करून झोपले होते ना? की फिरवायचंच विसरले? फिरवली.

८ मार्च

पुन्हा फुली वर. संध्याकाळी पण. वय झालं बाई तुझं! मुलांना ओरडत असते – प्रयोग करताना नोंद ठेवा, नोंद ठेवा. स्वतः मात्र डोक्यात ठेवायचं, आणि डोकं हे असं.

१० मार्च

पडदे ओढून अंडी एकेक करून टॉर्चवर धरली. काय दिसतं ते! लाल रेघांचं जाळं, मधे काळा ठिपका – डोळा. बाकी देह एवढासा आणि डोळा केवढा. बाराच्या बारा जिवंत! मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणाला?

साहेब दारात येऊन उभे. "आई, तिला विचार, काय दिसतंय."

"आई, सांगा, डोळा दिसतोय."

सासूबाई स्वयंपाकघरातून – "अरे, दोन पावलांवर उभा आहेस, जाऊन बघ की मेल्या!"

नाही आले. माझ्या मनात होतं यावं म्हणून. लिहिते इथे, कोण वाचणार आहे!

१२ मार्च

दुपारी वीज गेली. वीज कार्यालयातल्या साहेबांच्या घरी! मी शाळेतून धावत आले तर साहेब आधीच हजर. यंत्रावर माझी शाल, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या, आणि स्वतः फोनवर कुणाला तरी झाडतायत. मी आले तशी शालीचं टोक सारखं केलं आणि निघून गेले. आभार मानणार होते. आईंमार्फत मानले असते, पण त्या शेजारी गेल्या होत्या.

१७ मार्च

संपलं.

टॉर्चवर पहिलं अंडं धरलं. फिरवलं, तर आतलं काही फिरेना. एका बाजूला चिकटलेलं. दुसरं तसंच. तिसरं, चौथं. रेघा विटलेल्या. अकरा गेली. अकरा! एकच चांगलं – ते बाराव्या नंबरचं, कोरं. आत पिल्लू चक्क पाय झाडत होतं.

चिकटणार कशी? मी तीनदा फिरवत होते. की नव्हते? मुलांना काय सांगू? बाई विसरल्या म्हणून? पदराला हात पुसत किती वेळ उभी होते कोण जाणे. रडले. सासूबाईंनी पाणी आणून ठेवलं.

१८ मार्च

सापडला चोर!

सकाळी कोरं अंडं फिरवलं आणि अंघोळीला गेले. बाकीची अकरा सवयीने फिरवलीच, टाकवत नव्हती. टॉवेल विसरला म्हणून परत आले तर साहेब यंत्रापुढे वाकलेले. दोन बोटांत अंडं धरून, श्वास रोखून, हळूच उलटं करतायत. गोल खाली, फुली वर. मग पुढचं.

"अहो!!"

एकोणीस दिवसांनी पहिला शब्द. अंडं हातातून पडता पडता राहिलं.

"तू तीनदाच फिरवतेस," म्हणाले, "कोंबडी दिवसभर फिरवते. म्हटलं, आपणही हातभार लावावा."

"रोज?"

"रोज. तू फिरवून गेलीस की लगेच."

मी फिरवायची, हे परत फिरवायचे. अंडी पहिल्या दिवसापासून एकाच कुशीवर! मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला ओरडताच येईना. "मग हे एक कसं वाचलं?" – मी. "त्यावर खूण नव्हती. कुठली बाजू वर ते कळेना, म्हणून हात नाही लावला."

सासूबाई म्हणाल्या, "अति तिथे माती." मग मला हसू आलं. मग त्यांना. मग थांबेचना. अकरा जीव गेले आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून हसतोय, डोळ्यांना पाणी. लाज वाटते लिहायला.

बदलीचा विषय दोघांनीही काढला नाही. आत्ता कुठे बोलायला लागलोय, लगेच कशाला.

१९ मार्च

एक अंडं, फिरवणारे दोन. "तू फिरव." "नाही हो, तुम्ही." शेवटी मीच फिरवते. ते हात मागे बांधून बघतात, आठवीतल्या मुलासारखे.

२० मार्च

भांडी लावताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, एकाने नमतं घेतलं की मिटतं. तू शहाणी आहेस. पण मी सांगितलं म्हणून बोलू नकोस हं त्याला. गोड धक्का दे."

झोप आली नाही. शाळा की माणूस? शाळा मला आवडते. माणूसही आवडतो, हे मी पुरतं विसरले होते. गरम पाण्याच्या पिशव्या आठवत राहिल्या.

२१ मार्च

आजपासून फिरवणं बंद. आता पिल्लू आपणच वळून तोंड हवेच्या पोकळीकडे करतं. बाहेरून कुणी ढवळाढवळ करायची नाही.

मुख्याध्यापिकांकडे जाऊन आले. घरी सांगितलं नाही.

२३ मार्च

अंड्यातून आवाज! कवच शाबूत, आणि आतून चिव चिव. साहेबांना हाका मारल्या. दोघांनी यंत्राला कान लावले. त्यांचा कान माझ्या गालाला लागला. मी सरकले नाही.

२४ मार्च

आलं! आधी चोचीच्या टोकावरच्या दाताने भोक पाडलं, मग दमून कितीतरी वेळ नुसतंच पडलं, मग गोल चीर. ओलं, वेडंबागडं, रागावलेलं. वर्गात नेलं तेव्हा चाळीस मुलं गप्प – हा पहिलाच चमत्कार. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, बाकीची?" खरं तेच सांगितलं. वर्ग इतका हसला की पिल्लू घाबरलं.

उद्या रात्री जेवताना साहेबांना सांगणार. गोड धक्का!

२५ मार्च

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुला एक सांगायचंय." बदली रद्द करून घेतली, शुक्रवारीच. साहेबांच्या साहेबांचे पाय धरले म्हणे. तिथे दुसरा माणूस नेमलाही गेला.

माझा राजीनामा सकाळी मंजूर झाला. माझ्या जागी नवी बाई सोमवारपासून.

"तुम्हाला कुणी सुचवलं?"

"आईने. म्हणाली, तुला सांगू नको."

दोघांनी वळून पाहिलं. सासूबाई पिल्लाच्या खोक्यात मान घालून बसल्या होत्या. मान काही वर येईना.

फुली वर.