मोरपंखी जोडी आणि मागची खोली

मी, प्रेमलता पुंडलिकराव कळंबे, राहणार पांढुर्णा, वय सत्त्याहत्तर, धंदा चपला विकणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणी हात न धरता, कोणी न शिकवता हे मृत्युपत्र आपल्या हातानं लिहून ठेवते. डोकं जागेवर आहे. गुडघे जागेवर नाहीत, पण वकील शिवानीबाई म्हणाल्या, "आजी, कायद्याले गुडघे लागत नाहीत." शाळा माझी चौथीपर्यंत, मोहगावची. लिहिण्यात चुकलं असेल तिथं अर्थ धरावा, मला धरू नये.

शिवानीबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. मी सही करायची ती दोन साक्षीदारांसमोर. आणि ज्याला ह्या कागदानं काही मिळणार आहे, त्यानं साक्षीला सही करायची नाही, नाही तर त्याचा वाटा बुडतो. म्हणून घरचं कोणी घेतलं नाही. शेजारच्या औषधाच्या दुकानाचे श्रीकांत बालपांडे आणि आमचे विनायक धोटे मास्तर, ह्या दोघांना सांगितलं आहे. मास्तरांवर माझा एक राग आहे, तो पुढे त्याच्या जागी येईल. पण भूपेंद्र, माझा मुलगा, त्यांचा विद्यार्थी. मास्तरांच्या सहीपुढे तो बोलणार नाही म्हणून त्यांना घेतलं.

कलम पहिलं, दुकान.

बाजार ओळीतलं "प्रेमलता चप्पल सेंटर" माझ्या नावावर आहे. माहेरच्या संत्र्याच्या बागेतला हिस्सा माझ्या भावानं न भांडता दिला, त्यातून घेतलं. भाऊ आता नाही, पण उपकार कागदावर राहू द्या. नाव पुंडलिकरावांनी ठेवलं. मी म्हटलं, "चपलांवर कोणी बायकोचं नाव टाकते काय?" तर म्हणाले, "मंग माझं टाकू? पुंडलिकच्या दुकानात बाया येतीन का?"

पण खरं सांगायचं तर तेव्हा बाया कमीच येत. खेड्यातली बाई चपलेसाठी बाजारात येत नसे, नवरा यायचा. निघताना बायकोच्या तळपायाला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी लावायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, तिथं मोडायची आणि खिशात घालून आणायची. तिगाव, सावरगाव, सौंसर, सगळीकडच्या काड्या माझ्या गल्ल्यावर आल्या. काडीवर चप्पल ठेवायची, जमली का बांधून द्यायची. इतक्या काड्या हातातून गेल्या का पुढं पुढं पाहूनच कळायचं, ही घरच्या बाईची आहे आणि ही घेऊन आलेल्या माणसाच्या स्वतःच्या पायाची. बिचारा घाम पुसत म्हणायचा, "आमची घरची जराशी धिप्पाड आहे." मी म्हणायची, "चांगलं आहे नं, सांभाळून राहत जा तिच्याशी." आणि मोठ्या मापाची काढून द्यायची. त्याच्यापुढं एक शब्द विचारला नाही.

मला हे कळायचं कारण ते माझ्या घरातच होतं. पुंडलिकराव तरुणपणी खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, बाईचं काम करत. त्या खेळात बाया नसत, माणसंच लुगडं नेसून नाचत. लग्न जमवताना माझ्या बापाला सांगितलं होतं, नवरदेव नाचतो. पार्टी मोडल्यावरही लुगडं सुटलं नाही, हे मात्र नव्हतं सांगितलं. पहिल्या दिवाळीला सौंसरच्या बाजारातून ते माझ्यासाठी लाल चप्पल घेऊन आले. पिशवीत आणखी एक जोडी, तशीच लाल, पण भलतीच मोठी.

"ही कोणाची?"

ते पिशवीकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, "माझी. तुले चालत नसन तं उद्या वापस करतो."

मला असं हसू आलं का पाटावरून उठता येईना. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर माणूस पार उतरून गेलेला. मी म्हटलं, "अवो, वापस कायले? घालून तं दाखवा. माझ्याहून चांगल्या दिसतात का पाहू."

दिसत होत्या. माझ्या नवऱ्याचे पाय फार सुंदर होते. मृत्युपत्रात असं लिहिता येतं का, हे मी शिवानीबाईंना विचारलं नाही.

त्या दिवसापासून ते जाईपर्यंत आमच्या घरात दोन जणांच्या साड्या वाळत पडल्या. दुपारचं जेवण झालं का ते नेसायचे, आरशासमोर पदर नीट करायचे, आणि तसेच बसून माझ्यासोबत शेंगा फोडायचे. त्या दोन तासांत त्यांच्याइतका खुश माणूस मी पाहिला नाही, आणि त्याला पाहून मी. संध्याकाळी धोतर-सदरा घालून परत दुकानात. कोणाचं काय बिघडलं? मला तर नवऱ्यासोबत मैत्रीणही मिळाली.

दुकानाची मागची खोली त्यांनीच काढली. पडदा, मोठा आरसा, बसायला बाक. म्हणाले, "प्रेमा, चप्पल घेणाराले चार पावलं चालून पाहाले जागा पाह्यजे. मले कुठं होती?" मोठ्या मापाची बायकी चप्पल कुठं मिळत नसे, तेव्हा चपला बनवणाऱ्या सौंसरच्या रामाजीला धरलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "वहिनी, माणसाच्या फर्म्यावर बाईचा पट्टा? फर्मा रडन नं!" आता तोच नवीन रंग दाखवायला येतो. त्या खोलीत शेतकरी आले, ट्रकवाले आले, एक लग्नाचा नवरदेवसुद्धा येऊन गेला. आजकालची पोरं मोबाइलवरून साड्या, सँडल मागवतात आणि पत्ता आमच्या दुकानाचा देतात, घरी पार्सल कोणी फोडू नये म्हणून. मग इथंच येऊन घालून पाहतात. माझी नात भाग्यश्री त्या खोलीला ट्रायल रूम म्हणते. तिनं मागच्या दिवाळीत ती गुलाबी रंगवून दिली.

हे दुकान, मालासकट आणि मागच्या खोलीसकट, मी माझी सून सुचिता हिला देते. भूपेंद्राला देत नाही. तो वाईट नाही, माझं औषधपाणी एक दिवस चुकवलं नाही त्यानं. पण त्याला भिंत पाडून मोबाइलचं काउंटर टाकायचं आहे. खिशात मोजायचा टेप घेऊन फिरून राहिला आहे. परवा म्हणाला, "माय, आता कोण येते त्या खोलीत?"

"येतात. मागच्या हप्त्यात दोघं आले."

"तोंड लपवून येतात नं! बाबा होते तवापासून आपण लोकायच्या गोष्टी ऐकल्या. शाळेत मले पोरं काय म्हणत होते, तुले माहीत आहे? इतक्या वर्षांत एक तरी उजेडात येऊन म्हणला का, मले ही खोली पाह्यजे म्हणून? एक म्हणू दे. त्या दिवशी हा टेप फेकून देतो."

पोराचंही खरं होतं. सुचिता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्याबाई, मी आहे नं." ती आहेच. पण नवरा रोज ताटावर एकच गोष्ट काढेल, तेव्हा माझा कागद भिंतीला किती दिवस टेका देईल, हे मी समजून आहे. तरी लिहिते: खोली राहावी, पडदा राहावा, आणि पडद्याच्या आत कोणी असेल तेव्हा बाहेर कोणी हसू नये.

कलम दुसरं. राहतं घर आणि तिगावचं वावर भूपेंद्राला. बँकेतलं जे काही असेल ते भाग्यश्रीच्या शिक्षणाला, आणि माझ्या तोरड्याही तिलाच. घालून नाच बेटा, आवाज होऊ दे.

कलम तिसरं. माझी लेक पूनम, सौंसरला दिलेली, हिला साड्यांची लोखंडी पेटी. पूनम, ज्यांचे काठ मळले आणि हळदीचे डाग आहेत त्या माझ्या. ज्या घडीवर घडी बसवून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या त्या तुझ्या बाबाच्या. माझ्याहून महागही त्याच आहेत, तेव्हा काय बोलू. तुझ्या लग्नात नेसवणारी बाई वेळेवर आली नाही आणि तू रडायला बसलीस, तेव्हा बाबांनी दार लावून तुला नऊवारी नेसवलं होतं. सासरच्या बाया विचारत होत्या, कोणी नेसवलं. पेटीतून लग्नाचा फोटो काढून निऱ्या पाहा एकदा. बापानं आपल्याला काय काय दिलं ते लेकीनं विसरू नये.

कलम चौथं. गल्ल्याखाली मापाच्या काड्यांची मोळी आहे. नाव एकीवरही नाही. ती माझ्या सरणावर ठेवावी. कोणता पाय कोणाचा, हे माझ्यासोबत जाईल. त्या सगळ्या माणसांचे आभार. त्यांनी आपली लाज माझ्या हातात दिली, इतका भरवसा सख्ख्यांवरही कोणी ठेवत नाही.

कलम पाचवं, राग. पुंडलिकराव एकदा साडीच्या दुकानात स्वतःसाठी पोत पाहत होते. तिथं विनायक मास्तर भर दुकानात मोठ्यानं हसून म्हणाले, "पुंडलिक, पदर सांभाळ रे, घसरून राहिला." सगळे हसले. त्यानंतर आमचे हे कधी साडीच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांच्यासाठी मीच आणत गेली, आणि आपल्या हातानं कापड निवडायचं त्यांचं सुख गेलं. मास्तरांची बायको विजया माझ्या जिवाची होती, परसाल गेली, तिच्याकडे पाहून मी बोलली नाही. पण माफ केलं नाही. तसं लिहून ठेवते.

कलम सहावं. विजया गेल्यावर थोड्या दिवसांनी कोणीतरी शटरखालून एक काडी आत सरकवून गेलं. तिला मोरपंखी कापडाचा तुकडा बांधलेला. मतलब रंग असा पाहिजे. लाजणारे असंच करतात. रामाजीनं जोडी करून दिली, त्याच्या हातची सगळ्यात देखणी, पण न्यायला कोणी आलं नाही. डाव्या कपाटात खालच्या खणात आहे. ज्याची असेल त्याला ती माझ्याकडून भेट. तो केव्हाही येवो, सुचितानं काही न विचारता द्यावी.

कलम सातवं. माझ्या तेरवीला चप्पल-साडी दान द्याल तेव्हा चांगली द्या. स्वस्तातली काढाल तर मी पाहून राहीन.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं. खालचं सही करायच्या आधी जे घडलं ते आहे, तेही ह्याच मृत्युपत्राचा भाग समजावं.

दुपारी दुकानात सगळे जमले. मास्तर म्हणाले, "वहिनी, मी मोठ्यानं वाचतो, चुका दिसतील." लाल पेन घेऊन वाचायला बसले. रागाचं कलम आलं तेव्हा मीच खाली पाहिलं, पण ते न थांबता पूर्ण वाचून गेले. सहावं वाचता वाचता थांबले. पेनाला टोपण लावलं.

"वहिनी, मला ही सही करता येत नाही."

मी म्हटलं, "रागाचं लिहिलं म्हणून रुसले काय, मास्तर?"

"नाही. ते खरं आहे, तसंच राहू द्या. पण ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये, असं तुम्हीच वर लिहिलं आहे."

सुचिता खोके लावून राहिली होती, तिचा हात तसाच वर राहिला.

"ते कापड विजयाच्या लुगड्याचं," मास्तर म्हणाले. "तीच मला नेसवून देत होती. बाहेर कोणाला कळू नये म्हणून मी पुंडलिकला सगळ्यांत मोठ्यानं हसलो. ती गेली आणि घरात कोणी राहिलं नाही ज्याच्यासमोर..." मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे नाही, दारात उभ्या भूपेंद्राकडे पाहिलं. "जोडी माझी आहे. आणि भूपेंद्र, मला ही खोली पाहिजे."

भूपेंद्र मास्तरांसमोर अजूनही हात मागं बांधून उभा राहतो. त्यानं हात सोडले. खिशातून टेप काढला. मला वाटलं आता फेकतो. फेकला नाही. मास्तरांसमोर खाली बसला.

"सर, पाय द्या. काडी परसालची आहे. जोडी कसून राहिली तं रामाजीकडून ढिली करून आणतो."

मास्तरांनी पाय दिला. मग माझ्या पोरानं गुरुजींच्या पायाचं माप घेतलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि घेता घेता नमस्कारही करून घेतला. ढिली करायची गरज पडली नाही. हे मी लिहून राहिली तेव्हा पडद्यामागं टक टक आवाज येऊन राहिला आहे. पहिले हळू, आता चांगला. पुंडलिकराव, ऐकताय नं? भिंत उभी आहे.

माझं काही मागणं राहिलं नाही. सगळं वाचून, समजून, हसऱ्या तोंडानं खालील दोघांसमोर सही करते.

प्रेमलता पुंडलिकराव कळंबे (सही)

साक्षीदार:
१. श्रीकांत बालपांडे, औषध विक्रेते, पांढुर्णा (सही)
२. ~~विनायक धोटे, निवृत्त शिक्षक, पांढुर्णा~~
प्रवीण घागरे, पूनमच्या बाजूच्या गल्लीतले, बाजाराला आले होते, बोलावून आणले, राहणार सौंसर (सही)

वरील खोडलेलं नाव माझ्या परवानगीनं खोडलं आहे. त्यांना वाटा मिळाला आहे. प्रे. कळंबे

ठिकाण: पांढुर्णा, दुकानात
दिनांक: ९ डिसेंबर २०२५